डेट्रॉइटला येताय, आणि मुलाला फुटबॉल खेळायचंय?

तुम्ही लिहिलंत की चाकणहून कंपनीतर्फे डेट्रॉइटला बदली होतेय, मुलगा आठवीत आहे, शंभर मीटरमध्ये जिल्ह्यात पहिला येतो, आणि मिशिगन युनिव्हर्सिटीचा जुना खेळाडू डेझमंड हॉवर्डचे व्हिडिओ बघून त्याने ठरवलंय की त्याच युनिव्हर्सिटीत फुटबॉलच्या (इथला, म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल) स्कॉलरशिपवर शिकायचं. हे जमेल का आणि त्यासाठी घर युनिव्हर्सिटीच्या गावी, अ‍ॅन आर्बरलाच घ्यावं का, हे तुमचे दोन प्रश्न. घराचं शेवटी सांगतो. आधी हॉवर्ड, कारण मुलाने बघितलंय ते १९९१ साल. त्याआधीची तीन वर्षं तुम्ही बघायला हवीत.

हॉवर्ड शेजारच्या ओहायोतला, क्लीव्हलंडचा. शाळेत तो टेलबॅक होता, म्हणजे चेंडू हातात घेऊन गर्दीतून पळणारा. १९८८ मध्ये मिशिगनने त्याला घेतलं आणि पहिला सीझन एकही सामना खेळवला नाही. याला रेडशर्ट म्हणतात: सराव करा, वर्गात बसा, खेळण्याची चार वर्षं शिल्लक ठेवा. शिवाय जागा बदलली, टेलबॅकचा रिसीव्हर केला, म्हणजे पुढे पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू (पास) झेलणारा. म्हणजे शाळेत ज्या कामासाठी नाव झालं होतं ते काम सोडून द्यायचं आणि दुसरं पहिल्यापासून शिकायचं. १९८९ च्या अख्ख्या सीझनमध्ये त्याने झेललेले पास होते ९. तुमच्या मुलाला हा आकडा आवर्जून सांगा.

त्या सीझननंतर बो शेंबेक्लर हे नावाजलेले कोच निवृत्त झाले आणि गॅरी मोलर आले. १९९० मध्ये हॉवर्डने ६३ पास झेलले, १,०२५ यार्ड, ११ टचडाउन (चेंडू घेऊन समोरच्यांच्या गोलक्षेत्रात पोचणं). पास टाकणारा एल्विस ग्रबाक त्याच्याच शाळेतला, हा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिशिगन देशात पहिल्या क्रमांकावर असताना याच राज्यातल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीशी, मिशिगन स्टेटशी सामना झाला. शेवटच्या सेकंदांत टचडाउन करून मिशिगन एका गुणाने मागे होतं. टचडाउननंतर किक मारली तर एक जादा गुण, पुन्हा गोलक्षेत्रात चेंडू नेला तर दोन. मोलरनी किकने बरोबरी न साधता दोन गुणांसाठी पास खेळायचं ठरवलं. पास हॉवर्डकडे गेला, बचाव करणाऱ्याने त्याचा पाय अडकवला, तो पडला, चेंडू निसटला, पंचांनी काही दिलं नाही. २८–२७ हरले. या राज्यात राहायला आलात की हा पाय अडकला की अडकवला यावर शेजारी अजून भांडताना दिसतील. ऑफिसात पहिल्या दिवशी हिरवा (मिशिगन स्टेटचा) किंवा पिवळा-निळा (मिशिगनचा) शर्ट घालून जाऊ नका, आधी बॉस कुठला ते बघा.

मग १९९१. सप्टेंबरात नोत्र दाम युनिव्हर्सिटीविरुद्ध चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवं होतं जेमतेम एक यार्ड. कुठलाही शहाणा कोच तिथे चेंडू घेतलेला माणूस गर्दीत घुसवतो. मिशिगनने २५ यार्ड लांब पास टाकला, तो हॉवर्डच्या हाताबाहेर चाललेला, आणि त्याने अंग झोकून आडवं होत गोलक्षेत्रात झेलला. सामना २४–१४ जिंकला. मला विचाराल तर हाच त्याचा खरा खेळ. पोरांना मात्र पुढचा आवडतो.

२३ नोव्हेंबर, शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीशी सामना. इथे पंट म्हणजे काय ते सांगायला हवं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं. तीन वाया गेले की संघ बहुतेकदा चेंडू लाथेने लांब उडवून देतो. पलीकडे एक जण तो झेलायला उभा. कबड्डीतल्या चढाईसारखाच एकटा, फरक इतकाच की याची नजर आकाशात आणि अंगावर धावत येणारे दिसतच नाहीत. हात वर करून हलवला तर त्याला कुणी भिडत नाही, पण खेळ तिथेच थांबतो. नाही हलवला तर पळायचं. आपल्या गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत पडणारा पंट सोडून द्यावा, असं कोच शिकवतात. हॉवर्डने तो सात यार्डांवर झेलला आणि ९३ यार्ड पळाला. गोलक्षेत्रात पोचल्यावर एक गुडघा उचलून, हात पुढे करून हाइझमन ट्रॉफीवरच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते ती) पुतळ्याची नक्कल केली. सामना ३१–३, आणि महिन्याभरात ट्रॉफी खरोखरच त्याला मिळाली. त्या सीझनमध्ये एकूण २३ टचडाउन, त्यातले १९ पास झेलून. पुढच्या १ जानेवारीला रोझ बोल या सीझनअखेरच्या सामन्यात वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने ३४–१४ हरवलं, त्यात हॉवर्डच्या हाती एकच पास लागला. मग प्रोफेशनल ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, चौथा क्रमांक, आणि पुढे ग्रीन बेच्या संघाकडून सुपर बोलचा (प्रोफेशनल फुटबॉलचा अंतिम सामना) सर्वोत्तम खेळाडू, तेही किक परतवून.

आता तुमच्या मुलाबद्दल. धाव आहे, ही मोठी जमेची बाजू. पण हॉवर्ड लहानपणापासून हा खेळ खेळून आलेला, शाळेतला नामांकित, तरी त्याची पहिली दोन वर्षं शिकण्यात गेली. तुमचा मुलगा नववीत पहिल्यांदा हेल्मेट घालणार. म्हणून स्कॉलरशिप हा फीचा बेत धरू नका. फीसाठी पैसे वेगळे बाजूला टाकाच. खेळू मात्र जरूर द्या. बऱ्याच शाळांत नववीच्या संघातून कुणाला काढत नाहीत, आणि पंट परतवायला किंवा त्यामागे धावायला वेगवान पोरं लागतातच. वसंतात ट्रॅकमध्येही (धावण्याच्या शर्यतींत) नाव घाला. इथे ऋतूप्रमाणे खेळ बदलतात, आणि फुटबॉलचे कोच ट्रॅकच्या वेळा बघतात.

मुलाला मार लागेल ही वहिनींची काळजी रास्त आहे. डोक्याला मार बसण्याचा धोका खरा आहे, शाळा त्याच्या माहितीपत्रकावर पालकांची सही घेते. सही करण्याआधी ते वाचा. आणि मार बसला तर मुलाने लपवू नये, हे घरातच पक्कं करा.

पैशाचं आणखी एक. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवू शकतात. तुमचा मुलगा एच-४ किंवा एल-२ वर (नोकरीवर आलेल्यांच्या कुटुंबाचे व्हिसा) असेल तर त्याला कमाईची परवानगी नाही. शिवाय २१ पूर्ण झाले की तो तुमच्या व्हिसावर राहू शकत नाही, म्हणजे नेमका कॉलेजच्या मधोमध प्रश्न उभा राहतो. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनी कधी करणार, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा. फुटबॉलपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

घर: मिशिगन युनिव्हर्सिटीची कमी फी राज्यातल्या रहिवाशांना असते, अ‍ॅन आर्बर गावातल्यांना वेगळी सवलत नाही. व्हिसावरच्या कुटुंबांसाठी काय अटी आहेत ते युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसच्या नियमांत बघा. त्यामुळे ऑफिस जिथे पडेल त्याप्रमाणे नोव्हाय, कँटन किंवा ट्रॉय बघा. तिन्हीकडे आपली माणसं भरपूर. गणपतीच्या कार्यक्रमात आरती चालू असताना मोबाइलवर स्कोअर बघणारे काका दिसतील, त्यातला एक मी. मुलाला सामना दाखवायचा असेल तर स्टेडियम लाखाच्या वर माणसांचं आहे, ओहायो स्टेटचं तिकीट महाग पडतं, सप्टेंबरातला एखादा हलका सामना घ्या.

शाळांचा फुटबॉल सराव ऑगस्टच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच चालू होतो, शाळा भरण्याआधी. त्यामुळे जुलैअखेर पोचता आलं तर बघा. लसीकरणाची कागदपत्रं इंग्रजीत करून हातातल्या बॅगेत ठेवा, आणि इथे आल्या आल्या डॉक्टरकडून खेळासाठीचा फिजिकलचा (शारीरिक तपासणीचा) फॉर्म भरून घ्या. त्याशिवाय कोच मैदानात पाऊल टाकू देत नाही.