‘सेरेनिटी’ पाहण्याआधी

‘फायरफ्लाय’ या अंतराळकथेच्या मालिकेची गोष्ट पुढे नेणारा ‘सेरेनिटी’ (2005) हा चित्रपट थेट पाहिला तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. कथा नक्कीच कळेल, कारण दिग्दर्शक जॉस व्हीडन यांनी नव्या प्रेक्षकासाठी पूर्वपीठिका आरंभीच मांडली आहे. परंतु ‘सेरेनिटी’ नावाच्या अंतराळयानावरील नऊ माणसांविषयीचा जिव्हाळा दोन तासांत निर्माण होत नाही, म्हणून आधी ‘फायरफ्लाय’ मालिकेचे सर्व 14 भाग पाहावेत, असे मी मनापासून सुचवेन.

क्रमाकडे मात्र नीट लक्ष द्या. 2002 मध्ये फॉक्स वाहिनीने भाग उलटसुलट क्रमाने दाखवले, पात्रांची ओळख करून देणारा दुप्पट लांबीचा पहिला भाग डिसेंबरमध्ये सर्वांत शेवटी दाखवला आणि 11 भागांनंतर मालिका बंद केली. तो अन्यायच होता, असे मला आजही वाटते. पुढे डीव्हीडीवर योग्य क्रम आला आणि तिच्या विक्रीमुळेच चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला.

पहिल्या भागात वैमानिक वॉश यान चालवण्याच्या जागी बसून खेळण्यातल्या डायनोसॉरांना आपापसांत बोलायला लावतो, आणि यंत्रे सांभाळणारी ‘केली’ नावाची तरुणी एक ताजी स्ट्रॉबेरी डोळे मिटून खाते. ही दोन दृश्ये घाई न करता पाहा. चित्रपटाच्या प्रारंभी कॅमेरा कप्तान मॅलच्या मागोमाग यानभर फिरतो, तेव्हा प्रत्येक दालन तुमच्या ओळखीचे असेल. शेवट कोणाकडूनही आधी ऐकू नका.