गावच्या बाल संरक्षण समितीवर नव्याने आलेल्या ताईला

समितीवर आलीस, फार बरं वाटलं. आईबाप गेलेलं पोर दिसलं की ‘आश्रमात टाकूया’ असं लगेच मनात आणू नकोस. बाल न्याय कायदा, 2015 संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. आधी आजी, मामा, आत्या शोध. त्यांच्या घरी जा, मूल झोपतं कुठे ते बघ, त्याच्याशी एकटीने बोल. नातेवाइकांसमोर मूल खरं सांगत नाही. बऱ्याचदा आजी सांभाळायला तयार असते, पण मासळी विकून दोन पोटं भरत नाहीत. मग बाल संगोपन योजनेचा अर्ज तूच भरून दे. महिना 2250 रुपयांचा आधार असतो. हप्ता अडला तर पाठपुरावा सोडू नकोस.

टाकलेलं किंवा हरवलेलं मूल मात्र कुणी परस्पर घरी ठेवून घ्यायचं नाही, माणसं कितीही भली असोत. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर कळव. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे गेलंच पाहिजे.

चिरेखाणीवरच्या कामगारांची, आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखणदारांची मुलं आपल्या यादीत सहसा नसतात. हे माझ्या मनाला फार लागतं. ती गावची नाहीत म्हणून आपली नाहीत, असं कसं? पावसाळा सरला की वस्तीवर फेरी मार, नावं लिही, शाळेत-अंगणवाडीत पोचव. मे अखेरीस बिऱ्हाड हलण्याआधी पुढचा पत्ता विचारून घे.

आणि कुठल्याही मुलाचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस, कुणाला टाकूही देऊ नकोस.