वकीलकाकांना विचारा : चोर तोच, गाडी आपली

प्रश्न : काका नमस्कार, मी विश्रामबागला राहतो, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. मार्चमध्ये आठवडी बाजारातनं माझी गाडी गेली, हप्ते अजून चालूच आहेत. दोन महिन्यांनी चोर सापडला, त्याच्याकडनं नऊ गाड्या निघाल्या, त्यात माझीपण होती, आरसे गायब, टाकीला नवा रंग अन् नंबर भलताच. हवालदार म्हणाले हा रेकॉर्डवरचाच आहे, तीनदा आत जाऊन आलाय. मग जेलात सुधारतात म्हणजे नेमकं काय करतात हो? त्यापेक्षा कायमचा आत टाकलेला काय वाईट?

उत्तर : भाऊ, गाडी उभी मिळाली हेच खूप समजा, कित्येकांची म्हैसाळ ओलांडून कर्नाटकात जाते नाहीतर भंगारात सुटी होते. आधी ती पोलीस स्टेशनच्या आवारातनं सोडवा. कोर्टात सुपुर्दनाम्यासाठी, म्हणजे केस चालू असतानाच गाडी ताब्यात मिळावी म्हणून, अर्ज टाका. सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगितलंय की फोटो काढा, पंचनामा करा आणि गाडी मालकाला द्या, पोलीस स्टेशनात कुजवू नका.

आता तुमचा मेन प्रश्न. "तीनदा आत जाऊन आला" ह्यातच गोम आहे. आत जाऊन आला म्हणजे शिक्षा भोगून आला असं नसतं, बहुतेक वेळा तो कच्चा कैदी असतो, म्हणजे केसचा निकाल लागलेला नाही, जामीन होईस्तोवर आत. देशातल्या जेलांत दर चार माणसांतले तीन असे कच्चेच आहेत. आपलं सांगलीचं जेल म्हणजे गावाच्या मधोमध किल्ल्यात, वसंतदादांनी १९४३ ला फोडलं तेच, तिथं असला पोरगा दोन-तीन महिने बसतो, त्याला कामाची सक्ती नाही, काही शिकवावं तर कधी सुटेल ह्याचा पत्ता नाही, मग शिकतो तो शेजारी झोपणाऱ्याकडनं. हँडल लॉक कुठल्या गाडीचं एका झटक्यात तुटतं, चेसिस नंबर घासून कोण देतो, बिनकागदाची गाडी घेणारं गिऱ्हाईक कुठल्या गावात. येरवड्यात सुतारकाम आहे, विणकाम आहे, छापखाना आहे, पण ते शिक्षा लागलेल्यांसाठी. म्हणजे सुधारणा फेल गेली असं तुम्ही म्हणता, मी म्हणतो ती ह्या पोराच्या वाटेला आलीच कुठं?

आणि कायदा काय एवढा मऊ नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्या कलम ३०३ (२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी. दोषी ठरला, बरं का, पकडला नव्हे. नऊ काय नव्वद गुन्हे दाखल असूदेत, एकातही निकाल लागलेला नसेल तर कोर्टाच्या लेखी तो नवखाच. निकाल का लागत नाही तर पंच फितूर होतात हे एक, अन् दुसरं सांगतो, राग मानू नका, फिर्यादीच येत नाही. गाडी दारात उभी राहिली की विषय संपला, तीन-चार वर्षांनी समन्स येतं तेव्हा एक दिवसाचा खाडा कोण करणार? पंचवीस वर्षं काळा कोट घालतोय, ही तऱ्हा रोज बघतो. तुम्हाला समन्स आलं की जाणार ना?

कायमचं आत टाकणं होत नाही, गाडीचोरीला जन्मठेप नाही आणि नसावीच. पण तुमची चिडचिड उगीच नाही हेही खरं. अमेरिकेत १९९४ साली सुटलेल्या कैद्यांवर तिथल्या सरकारनं तीन वर्षं नजर ठेवली, गाडीचोरांतले ७८.८ टक्के पुन्हा अटक झाले, आणि खुनाच्या शिक्षेतनं सुटलेले ४०.७ टक्के. उलटं वाटतं ना? पण विचार करा, आपल्याकडं बांधावरनं कुऱ्हाड उचलली जाते ती एका रागात, तो माणूस आयुष्यभर त्या पाच मिनिटांवर पस्तावतो. गाडीचोरी हा धंदा आहे, त्यात हातोटी लागते, माल खपतो, संध्याकाळी रोख हातात. "कागद नंतर देतो" म्हणून पंधरा हजारात गाडी देणारा भेटला की आपलेच पाहुणे हरखतात, अन् चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे तेव्हा कुणाला आठवत नाही.

सुधारणा होतच नाही असं मात्र सांगलीकरानं म्हणू नये. आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानच्या काळातली कैद्यांची खुली वसाहत. मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरची कल्पना, राजेसाहेबांनी उचलून धरली, की कैद्याला भिंतीत न कोंडता जमीन द्यायची, बायकापोरांसकट राहू द्यायचं. त्यावरच गदिमांनी, म्हणजे आपल्याच माणदेशाच्या माणसानं, कथा लिहिली आणि १९५७ ला शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. पण खुल्या जेलाचे नियम वाचा, सराईताला तिथं दारच बंद. खून केलेल्याच्या हातात आपण कुऱ्हाड-कुदळ देतो, आणि गाडीचोर, ज्याला रोजच्या कामाची सवय लागायची सगळ्यात जास्त गरज, तो मात्र सांगलीच्या बराकीत पत्ते पिसतोय. मला विचाराल तर घोळ इथं आहे.

प्रश्न : काका, आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या नणंदेचा पोरगा, वय वीस, दोन गाड्यांच्या केसमध्ये चार महिने आत होता, आता जामिनावर आलाय. ह्यांचं छोटं गॅरेज आहे, पोरगा म्हणतो मामा मला ठेवा. हे म्हणतात माझं गिऱ्हाईक तुटेल. सासूबाई रडतात. काय करू?

उत्तर : ताई, घरातल्या भांडणात वकील पडला की दोन्हीकडनं मार खातो, तरी सांगतो. ठेवा, पण पहिले सहा महिने गिऱ्हाइकाच्या किल्ल्या त्याच्याकडं नकोत, आणि हे त्याला तोंडावर सांगा, पाठीमागं कुजबूज नको. पगार दर शनिवारी, हातात. "भाच्यालाच कसला पगार" हे मामांनी एकदा म्हटलं की तो बाहेरचा रोख पैसा शोधायला गेलाच म्हणून समजा. कामाची ताकद असते हो. अमेरिकेतल्या रँड संस्थेनं २०१३ ला जुने सगळे अभ्यास एकत्र करून बघितलं तर जेलात शिक्षण नाहीतर ट्रेनिंग घेतलेल्यांचं परत जेलात येण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा शंभरामागं तेरानं कमी निघालं. शंभरातले तेरा म्हणजे थोडं वाटेल, पण त्या तेरांतला एक आपल्या घरचा असला तर?

केसचं म्हणाल तर आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर वकिलाला १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं विचारा, चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर कोर्ट सोडू शकतं, आणि एकवीसच्या आतल्या पोराला जेलात घालायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात. त्याचं वय वीस आहे, हे लवकर करा. अन् अजून एक, कुठली तडीपारीची नोटीस आली तर गप्प बसू नका, तारखेला जाऊन उत्तर द्या. एकदा का जिल्ह्याबाहेर काढला, दोन वर्षांपर्यंत काढता येतं, की गॅरेजपण गेलं आणि आजीपण, मग तो कराडच्या स्टँडवर झोपणार आणि तिथं कुणाशी दोस्ती होणार हे तुम्हाला माहितीये.

प्रश्न : गाडी चोरीला गेली, थर्ड पार्टी इन्शुरन्स आहे, क्लेम मिळेल का? (मिरज)

उत्तर : नाही. थर्ड पार्टीत चोरी येत नाही, फुल पॉलिसी लागते. ती असेल तर त्याच दिवशी एफआयआर, त्याच दिवशी कंपनीला कळवा, आणि दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा, दुसरी किल्ली कुठंय हा प्रश्न येतोच.