दाढीच्या साबणाचा फेस कशात करायचा? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : काका नमस्कार, मी कर्वेनगरला रूमवर राहतो, नुकताच जॉबला लागलोय. फोमचा डबा बंद करून ब्रश आणि गोल वडीचा शेव्हिंग साबण आणला, पण फेस कशात करायचा तेच कळेना. ऑनलाइन जे शेव्हिंग बाउल दिसतात ते साबण आणि ब्रश मिळून जेवढे पडले त्याच्याहून महाग आहेत. सध्या आमटीच्या स्टीलच्या वाटीत करतोय, ती हातातून सटकते आणि फेसही पातळ होतो. पुण्यात दोनशेच्या आत काही मिळेल का? आणि कानाचा मग घेऊ की बाउल? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : अरे दोनशे खूप झाले, त्याच्या आतच काम होईल. दाढीसाठी म्हणून वेगळा बाउल घ्यायची खरंच गरज नाही, पैसे घालायचेच असतील तर ब्रशवर घाल, कारण रोज गालाला लागतो तो ब्रश. वाडग्याचं काम एवढंच की ब्रशला गोल फिरायला जागा पाहिजे, ओल्या हातात तो घट्ट बसला पाहिजे, आणि तळ अगदी आरशासारखा गुळगुळीत नको.

आता जागा म्हणजे किती, तर तोंड साधारण 10 ते 12 सेंटीमीटर आणि खोली 6-7 सेंटीमीटर. आपली आमटीची वाटी याच्यापेक्षा लहान असते, त्यात ब्रश फिरवला की फेस काठावरून बाहेर येतो आणि बोटं काठावर आपटतात. उलट नेहमीचा कॉफीचा उभा मग खोल असतो पण अरुंद, ब्रशची मूठ सारखी काठावर टकटक वाजत राहते आणि बोटं पार साबणात बुडतात. म्हणून ‘मग की बाउल’ याचं माझं उत्तर आहे सूपचा मग, तो रुंद बुटका कान असलेला येतो ना तो. बाउलसारखा पसरट पण धरायला कान, त्यामुळे हात कितीही साबणाचा झाला तरी सटकत नाही. हा मिळाला तर बाकी काही बघूच नकोस.

मिळण्याच्या जागा सांगतो. तुळशीबाग-मंडईच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात विचार, आणि रस्त्याकडेला चिनी मातीच्या कपबश्या-बरण्या मांडून बसलेले असतात त्यांच्याकडे तर नक्की बघ, त्यातला बराच माल उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून येतो, जाडजूड असतो आणि सेटमधला सुटा उरलेला नग असला की भाव चांगला करून देतात. बुधवारी किंवा रविवारी वेळ असेल तर जुन्या बाजारात चक्कर मार, तिथे बिनबशीचे कप, झाकण हरवलेल्या साखरदाण्या, एकटा राहिलेला सूप बाउल असलं सगळं पडलेलं असतं आणि आपल्याला नेमकं तेच पाहिजे. जाताना ब्रश खिशात टाकून ने आणि तिथेच आत घालून फिरवून बघ, लाजायचं काही नाही.

घेताना दोन गोष्टी मात्र नीट बघायच्या. पहिली, भांडं तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मार. टण्ण वाजलं तर घे, बद्द वाजलं तर कुठेतरी बारीक तडा आहे आणि थंडीत सकाळी गरम पाणी ओतलंस की तो तडा वाढणार. दुसरी, आत बोट फिरवून बघ. चाकावर हाताने केलेल्या वाडग्यात आतून बारीक गोल कडा लागतात बोटाला, या कडांवर ब्रशचे केस घासले जातात आणि हवा मिसळते म्हणून फेस लवकर उभा राहतो. मग उलटा करून पेंदा बघ, खालची कड बिनचकाकीची, थोडी खरखरीत असेल तर बेसिनच्या कट्ट्यावर घसरत नाही. बाहेर एखादा टवका उडालेला असेल तर खुशाल घे, आतला किंवा ओठाचा टवका नको, ब्रशचे केस तुटतात त्याने.

काय घेऊ नकोस तेही सांगतो. कुल्हड किंवा संक्रांतीची सुगडं दिसायला छान पण पाणी शोषतात, साबण आत मुरतो आणि नंतर वास येतो. जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी जुन्या सलूनमध्ये असायची खरी, पण साबण अल्कधर्मी असतो, त्याने ते काळवंडतं आणि हाताला काळं लागतं. प्लॅस्टिक हलकं, ब्रशबरोबर तेच फिरायला लागतं. स्टील वाईट नाही, पडलं तरी फुटत नाही आणि रूमवर चार जण असतील तर हा मोठा फायदा आहे, फक्त मोठा वाडगा घे आणि स्टीलमध्ये फेस लवकर गार होतो म्हणून तो गरम पाणी असलेल्या पातेल्यात टेकवून ठेव. परदेशात यासाठी दुहेरी भिंतीचे खास मग मिळतात, काम तेच.

आणि पातळ फेसाचं म्हणशील तर त्यात वाटीचा दोष कमी, पाणी जास्त होतंय तुझं. ब्रश कोमट पाण्यात भिजव, मग चांगला झटक, साबणाच्या वडीवर निदान अर्धा मिनिट फिरव म्हणजे केसांत घट्ट पेस्ट बसेल, मग वाडग्यात फिरवायला लाग आणि पाणी बोटाने थेंब थेंब टाक. आधी मोठे बुडबुडे येतील, तिथे थांबायचं नाही, फिरवत राहिलास की बुडबुडे दिसेनासे होतात आणि चक्क्यासारखा दाट, चकचकीत फेस तयार होतो. तो झाला की दाढीला सुरुवात.

प्रश्न : आम्ही वाघोलीला राहतो, सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. कितीही घोटलं तरी फेस बसतोच आणि बाउलला पांढरा थर येतो. बाउल बदलू का? – एक वाचक, वाघोली

उत्तर : बाउल बदलून काही होणार नाही हो, पाणी जड आहे तुमचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, ते साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा तयार होतो, तोच तुमचा पांढरा थर. म्हणजे साबणाचा बराचसा भाग फेस व्हायच्या आधीच वाया जातो. शहरात खडकवासल्याचं पाणी येतं तिथे हा त्रास फारसा होत नाही कारण धरणाचं पाणी बरंच मऊ असतं.

पण तुमच्याकडे बाउल आहे हीच सोय आहे. थेट गालावर फेस करणाऱ्याचा नळ चालू असतो, बाउलमध्ये फेस करायला अर्धा कपसुद्धा पाणी लागत नाही, तेव्हा तेवढं प्यायच्या फिल्टरचं, आरओचं घ्या आणि ब्रशही त्यातच भिजवा. तोंड धुवायला नळाचं चालेल. चिनी मातीचं किंवा काचेचं भांडं असेल तर थरावर थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबाची फोड घासा आणि दहा मिनिटांनी धुवा, निघून जाईल.

प्रश्न : काका, माझ्या सासऱ्यांची पितळी दाढीची वाटी माळ्यावर सापडली, नवऱ्याला वापरायची आहे पण आत हिरवट डाग आहेत. तुळशीबागेतली नवीन घेण्यापेक्षा हीच चालेल का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : चालेल काय ताई, जरूर वापरा, असं वजनदार भांडं आता स्वस्तात मिळणार नाही. हिरवट डाग म्हणजे पितळेतलं तांबं आणि ओल, साबणाने ते आणखी वाढतं, म्हणून आधी कल्हई करून घ्या. चिंचेने स्वच्छ घासा आणि कल्हईवाल्याकडे द्या, तो भांडं तापवून नवसागर टाकून कथील फिरवेल, एका वाटीला फार वेळ लागत नाही. कसबा पेठेत तांबट आळीत विचारलंत तर करून देणारे सांगतील. तिथे मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीने ठोकून खड्डे पाडलेली तांब्याची भांडी बघायला मिळतील, त्यांचा पृष्ठभाग फेसाला छानच, पण दोनशेच्या बजेटमध्ये ती बसत नाहीत.

कल्हईनंतर एवढंच सांभाळा की वाटीत साबणाची वडी कायमची ठेवायची नाही. वडी वेगळ्या डबीत, आणि ती छोट्या डबीत बसत नसेल तर किसणीवर किसून दोन-चार थेंब पाणी टाकून बोटांनी दाबून बसवा, वितळवायची गरज नाही. वाटी वापरून झाली की धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि उलटी ठेवायची. ब्रशही झटकून हवेशीर जागी ठेवायला सांगा, ओला ब्रश वाटीत तसाच ठेवला तर केस मुळाशी कुजतात आणि वाटीलाही परत डाग धरतात.