देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, तर ख्रिस्ती श्रद्धेत माणसाला इच्छास्वातंत्र्य उरतं का?

उरतं. एखादी गोष्ट ठाऊक असणं म्हणजे ती घडवून आणणं नव्हे. सहाव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ बोएथियसने हेच मांडलं: देव काळाच्या पलीकडे आहे, आपला भूत-भविष्य त्याच्यापुढे एकाच वेळी उभा असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. निवड आपलीच असते, पण निवडणारं मन मोकळं नसतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात प्रेषित पौल कळवळून सांगतो की चांगलं करायची इच्छा असूनही हातून नको तेच घडतं. व्यसनी माणूस स्वतःच्या पायांनी गुत्त्यावर जातो, तरी त्याला स्वतंत्र म्हणवत नाही, तसंच हे.

माणूस स्वबळावर यातून सुटू शकतो, असं पेलागियस या ख्रिस्ती साधूच्या पक्षाचं म्हणणं होतं. बिशप ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि 418 साली कार्थेजच्या परिषदेने ती मतं फेटाळली. पुढे 1525 मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने विद्वान इरास्मसला उत्तर देताना, तारणाच्या (म्हणजे पापातून सुटकेच्या) बाबतीत माणसाची इच्छा बद्धच आहे, असं ठामपणे लिहिलं. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक भूमिका मांडली: पहिलं पाऊल देवाच्या कृपेचं, पण माणूस तिला नाकारू शकतो. मला हीच मांडणी पटते. नकाराची मुभाच नसेल तर होकाराला प्रेम कसं म्हणायचं?

आणि हे स्वातंत्र्य मनमानीसाठी नाही. गलतीकरांस 5:13 मध्ये पौल ते थेट एकमेकांच्या सेवेशी जोडतो.