नारळावरच्या कोळ्यासाठी आणलेली बुरशीची पावडर बोर्डोच्या पंपातच घालून मारली तर चालेल का?

नाही, चालणार नाही. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना यांचं बुरशीनाशक. त्यातलं मोरचूद आणि कोळी ही कीड मारणारी ही बुरशी एकत्र केलीत तर पावडरीचे पैसे गेलेच समजा. एवढंच लिहून थांबणार होते, पण याच गोष्टीवरून आमच्या घरात दोन पावसाळे अबोला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची गुहागरकडे वाडी आहे, वर माड, खाली पोफळी. दहा-बारा वर्षांपूर्वी कोवळ्या नारळांच्या देठाखाली पांढरट त्रिकोण दिसायला लागले. पुढे तेच तपकिरी होऊन तडकायचे, डिंक यायचा, नारळ बारका राहायचा आणि सोलताना सोडण सुटता सुटायचं नाही. मी घरात म्हटलं, ‘कोळी पडलाय.’ भावोजींनी धरलं ‘कोळे’. आता कोळे रोग हा पोफळीचा. पावसात सुपारी गळते ती त्याने, आणि त्याला बोर्डो मारायचा हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक. भावोजींनी पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) माडावर चढवून दरवर्षी शेंड्यात बोर्डो सुरू केला. हा रोग नाही, ही कीड आहे, हे मी कितीदा तरी सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं : ‘वहिनी, तुम्ही घाटावरच्या, तुम्हाला माडातलं काय कळणार?’

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विहिरीकडचे चार जुने माड शेवाळलेले, पाडेली त्यांच्यावर पावसात चढायचा नाही, म्हणून ते बोर्डोतून सुटत. त्यांचे नारळ मात्र इतरांपेक्षा स्वच्छ! दोन्हीकडची गळलेली बोंडं (कोवळे नारळ) पिशवीत घालून मी दापोलीला गेले. भाची तिथे कृषीची पदवी करत होती. सूक्ष्मदर्शकाखाली देठाजवळच्या पाकळ्या सोडवून पाहिल्या. कोळी म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, लांबट, अळीसारखा जीव, पुढे फक्त चार पाय. बोर्डो मारलेल्या बोंडात ते नुसते वळवळत होते. विहिरीकडच्या बोंडात बरेचसे मेलेले, आणि अंगातून पांढरे तंतू बाहेर आलेले. ही हिर्सुटेला, म्हणजे तुमच्या पावडरीतली कोळी मारणारी बुरशी असावी, पण प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याशिवाय खात्री देता येणार नाही, असं तिथल्या सरांनी सांगितलं. मला तेवढं पुरलं. कोणी विकत न आणता ती वाडीत होतीच, आणि आम्ही दरवर्षी पदरचे पैसे घालून तिला मारत होतो.

यात नवीन काही नाही. फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांत हेच झालं होतं. तिथल्या कोळ्यावर हिर्सुटेला थॉम्पसोनी आपणहून पडते, पण जिथे तांब्याची बुरशीनाशकं फवारली तिथे बुरशी मेली आणि कोळी वाढला. त्या बुरशीला नाव मिळालं १९५० मध्ये. नारळावरचा इरिओफाइड कोळी आपल्या देशात नोंदला गेला १९९८ मध्ये, केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात. म्हणजे धडा आधीच लिहून ठेवलेला होता. भावोजी हे वाचतीलच. त्यांना सांगते, तो धडा वाचायला माहेर कुठलं हे आड येत नाही.

तुमच्या पावडरीचं म्हणाल तर शिफारस लिटरला २० ग्रॅम, माडामागे एक लिटर, वर्षातून तीनदा अशी आहे. पाकिटावरची तारीख बघा, पाकीट उन्हात ठेवू नका. दिवस कलल्यावर फवारा, आणि कोवळ्या पेंडींवर (नारळाच्या घडांवर), देठाजवळच्या पाकळ्यांवर. कोळी तिथेच आत बसतो. बुरशीला ओलावा लागतो आणि कोळी नेमका उन्हाळ्यात माजतो, त्यामुळे एप्रिलच्या कडक उन्हात एकदा मारून ‘हे थोतांड आहे’ म्हणू नका. आमच्याकडे तेही झालं. कोळी मारायला माडाला मुळातून कीटकनाशकाचं विष पाजण्याच्या मी साफ विरोधात आहे. त्याच माडाचं शहाळं आपण आजारी माणसाला देतो.

एक सांगायचं राहिलं. हे वाचून पोफळीचा बोर्डो बंद करू नका, कोळे रोग सगळं पीक खाली आणेल. तो पोफळीवरच राहू दे, माडाच्या शेंड्यात खबरदारी म्हणून नको. माडाचा कोंबच कुजायला लागला तर मात्र तांबं वापरा, तेव्हा झाड वाचवणं आधी. डाग पडलेले नारळ सुधारत नाहीत, फरक नव्या पेंडीत बघायचा. कोळी मुळापासून जातही नाही, कमी होतो. मधल्या काळात कडुनिंबाचं तेल, लसूण आणि साबण यांचं मिश्रण मारतात, तेही वेगळ्या दिवशी, या पावडरीत मिसळून नाही.

आणि पाकीट फोडायच्या आधी, ज्या माडावर तुम्ही कधीच काही मारलं नाही त्याच्याखालची चार बोंडं उचलून जवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवून या.