होस्टनेम म्हणजे मशीनचं नाव बदलायचंय ना, मग हे बघ

अरे, नुसती होस्टनेम कमांड मारून नाव बदललंस तर रीबूट झालं की जुनं नाव परत हजर. उबुंटू लिनक्सवर टर्मिनलात सरळ सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम अन् पुढं नवं नाव टाक (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं कमांड चालवणं), कायमचं बसतंय. पण खरी गोची ईटीसी फोल्डरातल्या होस्ट्स फाईलीत, तिथं १२७.०.१.१ च्या ओळीत जुनंच नाव राहिलं की दर सुडोला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' ही कुरकुर सुरू, म्हणून ती फाईल सुडो लावून नॅनो या टेक्स्ट एडिटरात उघड अन् ती ओळ हातानंच बदल. नावात स्पेस, अंडरस्कोर नको, मधी डॅश चालतो. अन् अक्कलकोट रोडच्या तुमच्या चादर कारखान्यात सगळ्याच मशीनचं नाव उबुंटू, कोणतं कुठलं कळंना, त्यापेक्षा बिलिंग-१, गोडाऊन-२ ठेव की! प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाकायच्या ओळीच्या सुरुवातीला, जुनंच नाव दिसलं तर घाबरू नको, टर्मिनल बंद करून परत उघड.